फितीत बांधलेला नळ

माझ्या वर्गातल्या मुली उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जातात आणि परत आल्यावर महिनाभर स्ट्रॉबेरीबद्दल बोलतात. मी यंदा उस्मानाबाद जिल्ह्यात जाऊन एक नळ पाहून आले. तो चालू होता का, असं घरी सगळ्यांनी विचारलं. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

गावाचं नाव लिहीत नाही. माझी मावसबहीण कुसुमताई तिथं नांदते आणि तिला पुढंही नांदायचं आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं एस.टी. अणदूरला सोडते, तिथून पुढं बैलगाडी. एवढं पुरे. ताईच्या धाकट्या नणंदेचं, शांताचं लग्न होतं. आमच्या घरातून कुणीतरी जायला हवं होतं. आईचे गुडघे धरलेले, दादाची परीक्षा, राहता राहिले मी. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. त्यामुळे मला कुठंही पाठवायला घरच्यांना भीती वाटत नाही.

वेशीवर

गाडी गावाजवळ आली, बैलांच्या पायांनी धुरळा उडाला आणि समोरून एकदम वाजंत्री सुरू झाली. वेशीला पताका होत्या. दोन बाजूंना केळीचे खांब होते, पण ते वाळून त्यांची पानं कागदासारखी वाजत होती. परकरातल्या मुली ओळीनं उभ्या राहून स्वागताचं गाणं म्हणू लागल्या. मी गाडीतून एक पाय खाली टाकते न टाकते, तोच मोठ्या फेट्याच्या एका गृहस्थांनी माझ्या गळ्यात हार घातला. मग त्यांनी मला नीट पाहिलं.

"ह्ये कोन?"

"मास्तरीनबाईची भन हाय, आबा," गाडीवान म्हणाला. "पुन्याची."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय, लेका!"

आबांनी हार परत काढून घेतला. त्यात राग नव्हता. दोरीवरचं धुणं काढावं तसा काढला. त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि ते सावलीत जाऊन बसले. मुलींनी गाणं जिथल्या तिथं सोडलं आणि घरी गेल्या. मी एक पाय गाडीत ठेवून उभीच होते.

हे आबा म्हणजे गावचे सरपंच. आणि तो हार माझा नव्हे, प्रमुख पाहुण्यांचा होता. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी नळाचं उद्घाटन करायला "आज-उद्या" येणार होते, आणि हे आज-उद्या होळीपासून चाललं होतं. वेशीबाहेर धुरळा दिसला की वाजंत्री वाजे. माझ्या आधी त्या स्वागताचा लाभ एका कडबा भरलेल्या गाडीला, टोचायला आलेल्या डॉक्टरला आणि एका वळूला झाला होता. वळूनं हार खाल्ला. त्यामुळे हा दुसरा हार.

तोटी

ताईचं घर चावडीसमोर. ओसरीवरून नळ सरळ दिसतो. ओढ्याकाठी नवी विहीर खणलेली, तिच्यावर ऑइल इंजिन, तिथून पाइप टेकाडावरच्या सिमेंटच्या टाकीत आणि टाकीतून चावडीपुढच्या या एका तोटीत. सगळं तयार होतं. टाकी काठोकाठ भरलेली होती. फक्त तोटीला लाल साटीनची रुंद फीत बांधलेली होती आणि शेजारी कोतवाल काठी घेऊन बसला होता.

गावातला जुना आड चैतातच आटलेला. म्हणून बायका डोक्यावर घागर, काखेत लहानशी बिंदगी घेऊन ओढ्यापर्यंत जात आणि त्याच नव्या विहिरीतलं पाणी शेंदून आणत. येताना त्या नळावरून येत. फीत पाहत आणि पुढं जात. तोटी थोडी गळकी होती. फितीतून थेंब थेंब पाणी खाली पडे आणि तिथं कोंबड्या जमत. उद्घाटनावाचून नळाचं पाणी पिणारा सबंध गावात तेवढाच एक समाज होता.

"पण उघडत का नाहीत?" मी ताईला हळूच विचारलं.

ताईनं डोक्यावरची घागर उतरवली आणि माझ्याकडं, पुण्यातल्या लोकांकडं पाहावं तसं पाहिलं.

"मान दिलाय ना त्यांना! आबांनी सगळ्यांसमोर विड्याचं पान देऊन सांगितलंय, नळ तुमच्याच हातानं. आता दुसऱ्यानं हात लावला म्हणजे त्यांचा अपमान. आणि पुढचा रस्ता त्यांच्याच हातात आहे."

शिवाय दगडावर त्यांचं नाव कोरून झालं होतं. शिवाय ताईचे यजमान, म्हणजे शाळेचे मास्तर, यांनी स्वागतगीत असं रचलं होतं की प्रत्येक ओळीत पाहुण्यांचं नाव यमकाला येई. दुसरं कुणीही त्या गाण्यात बसत नव्हतं. मी भाऊजींना एकदा भीतभीत विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नाव बदलायचं तर तीनच अक्षरांचं आणि शेवटी 'राव' असलेलं माणूस आण. मी आत्ता बदलतो."

हे सगळं हसण्यासारखं होतं, पण ताईच्या घरी कुणी हसत नव्हतं. शांताचं सासर लातूरचं, सधन. त्यांच्या घरात नळ. ताईच्या सासऱ्यांना, तात्यांना, मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला होता: तुमच्याकडं पाण्याची टंचाई असेल तर संकोच करू नका, लग्न आमच्या दारात करू. बोलणं गोड होतं. तात्या निजामाच्या राज्यात पटवारी होते. असल्या गोडाचा अर्थ त्यांना कळत होता. त्यांनी उलट निरोप पाठवला: पाण्याचा इंतजाम चोख आहे, वऱ्हाड घेऊन या. आता वऱ्हाड येणार आणि दारात पाय धुवायला पाणी नाही, असं झालं तर मुलीला जन्मभर ते ऐकावं लागणार होतं. शांता बोलत नव्हती. ती पापड मोजल्यासारखं करी आणि मधूनच नळाकडं पाही.

एक तांब्या

पुण्याला मी नळ सोडून दात घासते. इथं मला सकाळी एक तांब्या मिळाला. त्यात तोंड धुणं, अंघोळ आणि उरलं तर तुळशीला. पहिल्या दिवशी तुळशीपर्यंत काही उरलं नाही. ताईनं शिकवलं: आधी ओल्या पंच्यानं अंग पुसायचं, मग पाणी मानेवरून सोडायचं, म्हणजे ते सगळीकडं जातं. "वरून खाली. सरकारी कामासारखं नाही, वाटेत कुठं मुरत नाही," तात्या ओसरीवरून म्हणाले. न्हाणीघराला दार नव्हतं, चटईचा आडोसा होता, आणि तात्यांचे कान चांगले होते, हे मला तेव्हा कळलं.

जेवणाचं मात्र विचारू नका. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगांची कुटलेली चटणी, लसूण घातलेली आमटी. घास तोंडात गेला की कानातून वाफ निघते. आमच्याकडं तिखट लागलं की पाणी पितात. इथं तिखट लागलं की पाहुण्यांकडं पाहून म्हणतात, "गूळ खा." मी त्या मुक्कामात जेवढा गूळ खाल्ला तेवढा आयुष्यात खाल्ला नव्हता.

याच्या जोडीला लाउडस्पीकर होता. तो तुळजापुराहून भाड्यानं आणलेला. गावात वीज नाही, म्हणून तो मोटारीच्या बॅटरीवर चाले आणि त्याच्याबरोबर त्याचा मालक होता. पाहुणे आज-उद्या येणार म्हणून तो परत जाऊ शकत नव्हता. त्याच्याकडं दोन तबकड्या होत्या. एक तडकलेली. दुसरीवर सासरी निघालेल्या लेकीचं रडकं गाणं. ते दिवसभर लागे. आधुनिक सुधारणा गावात येते तेव्हा ती प्रथम कानात शिरते, हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे. ते गाणं ऐकून म्हाताऱ्या पदर डोळ्याला लावत आणि मग दळायला बसत. मधल्या वेळात तो मालक, "हॅलो, माइक टेस्टिंग, पाहुणे कोणत्याही क्षणी येत आहेत," असं सांगे. पुढं पुढं गावानं त्याला कामाला लावलं. "रामोशाची शेरडी मळ्यात शिरली आहे." "मास्तरीणबाई, तुमच्या आमटीला ऊत आला आहे, इथून दिसतंय."

ताई चुलीपुढून ओरडली, "बघतोयस काय मेल्या माझ्या चुलीत!"

"माफ करा," असं लाउडस्पीकरवरून सगळ्या गावाला ऐकू आलं.

गणूकाका

लग्नाच्या दोन दिवस आधी तात्यांचे धाकटे भाऊ, गणूकाका, तुळजापुराहून आले. देवीच्या देवळाजवळ त्यांचं घर, भिक्षुकी करतात. बारीक अंगाचे, आवाज मात्र गाभाऱ्यातला. घरातलं देवक तेच बसवणार होते. आल्या आल्या त्यांनी पाय धुवायला पाणी मागितलं. ताईनं वाटी आणून दिली.

काकांनी वाटी पाहिली. नळ पाहिला. कोतवाल, फीत, कोंबड्या, सगळं पाहिलं. मग त्यांनी आबांना बोलावून घेतलं.

"सरपंच, परवा वऱ्हाड येतंय. तुमचे पाहुणे कधी?"

"येनार, काका. आजच सांगावा आलाय, येनार म्हून."

"काल?"

"कालबी आलता."

"उघडा मग तोटी. आल्यावर पुन्हा उघडू."

"न्हाय बा!" आबा दोन पावलं मागं सरले. "एकदा मान दिला तो दिला. हात त्यांचाच लागला पायजे. म्या शब्द दिलाय."

काकांनी पिशवी पुढं ओढली. मग त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढली आणि आबांसमोर धरली.

"हे काय आहे?"

"सुपारी."

"उद्या मी हिच्यावर अक्षता टाकीन तेव्हा कोण?"

"गणपती."

"गणपती प्रत्यक्ष येतो का?"

"न्हाय. पर आला म्हून धरायचं."

"यजमानाची बायको वारली असेल तर पूजेला तिच्या जागी काय ठेवतात?"

"सुपारीच की."

"मग देव येतो, मेलेलं माणूस येतं, तर तुमचे पुढारी का येणार नाहीत? देवापेक्षा मोठे आहेत?"

आबांनी फेटा वर सरकवून डोकं खाजवलं. "तसं न्हाय काका. पर देवाला जीप लागत न्हाय."

तरी ते विचारात पडले. चावडीवर माणसं गोळा झाली. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की हा पोरखेळ आहे. कुणीच म्हणालं नाही. एका म्हाताऱ्यानं शंका काढली ती एवढीच की सुपारी चिकणी घ्यावी की साधी. पाहुणे मोठे, तेव्हा चिकणी, असं ठरलं.

उद्घाटन

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाशेजारी हातांची खुर्ची मांडली. गावात ती एकच होती. खुर्चीवर पाट, पाटावर विड्याची पानं, पानांवर तांदूळ आणि तांदळावर प्रमुख पाहुणे. काकांनी आवाहन केलं, अक्षता टाकल्या आणि सांगितलं, "आता विसर्जनापर्यंत हलवायचं नाही."

मुलींनी गाणं म्हटलं. त्यातलं एकही नाव बदलावं लागलं नाही. आबांनी हार घातला. हार मोठा असल्यामुळे पाहुणे त्यात पार बुडाले. शोधून वर काढावे लागले. मग आबा माइकपुढं उभे राहिले, खुर्चीकडं वळून त्यांनी नमस्कार केला आणि पाहुण्यांचा परिचय करून दिला. परिचय लांबला. उन्हात उभ्या असलेल्या बायका घागरी या काखेतून त्या काखेत घेत होत्या. पाहुण्यांनी आपल्या बहुमोल वेळातून वेळ काढल्याबद्दल आबांनी आभार मानले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. इतके दिवस वाट पाहिलेलं माणूस समोर बसलं की येतंच.

फीत कापायला हात हवेत. काकांनी सुपारीला सुताचा धागा गुंडाळून त्याचं दुसरं टोक आबांच्या मनगटाला बांधलं. म्हणजे कात्री आबांची, हात पाहुण्यांचा. आबा कात्री उचलणार, इतक्यात लाउडस्पीकरवाला म्हणाला, "भाषण राहिलं."

सगळे थांबले. खरंच राहिलं होतं. भाषणाशिवाय नळ उघडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. लाउडस्पीकरवाल्यानं माइक खुर्चीच्या उंचीवर आणला. सुपारी काही बोलली नाही. लोक वाट पाहत राहिले.

"कोणीतरी बोललं पाहिजे त्यांच्या वतीनं," भाऊजी म्हणाले.

"म्या न्हाय. म्या परिचय केलाय. मीच दोन्ही कसा?" आबा म्हणाले.

मग आबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. मी खांबामागं होते.

"ही पोर इंग्रजी शाळंतली हाय ना? मोठी मान्सं इंग्रजीतच बोलत्यात. बोल बाळ. काय बी बोल."

मी नाही म्हणून मान हलवली. ताईकडं पाहिलं. तिच्या काखेत रिकामी बिंदगी होती आणि तिच्यामागं शांता हळदीच्या जुन्या लुगड्यात उभी होती. ती त्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली: "ताई, बोला ना."

मला भाषण येत नाही. इंग्रजीत मला न अडखळता पाठ येणारी गोष्ट एकच, भूगोलाच्या पुस्तकातला इंग्लंडच्या सरोवरांचा धडा. आमच्या सिस्टर तो छडी घेऊन पाठ करून घेत. मी डोळे मिटून तो म्हटला. तिथले डोंगर, तिथलं धुकं, वर्षभर पडणारा पाऊस, कोणत्या तळ्याची खोली किती, कुठं कोणते मासे सापडतात, सगळं. शेवटी धड्याखालचे प्रश्नही म्हणून गेले, कारण थांबावं कसं ते सुचेना.

मी डोळे उघडले. मग टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लई कळवळून बोलले बाई."

आबांनी फीत कापली आणि तोटी फिरवली. आधी नुसती हवा आली, नळ दमेकऱ्यासारखा खोकला. मग तांबडं गढूळ पाणी. "नळानं कुंकू लावून घेतलं," तात्या म्हणाले. आणि मग पांढरी स्वच्छ धार आली आणि बायकांनी कोतवालाला काठीसकट बाजूला केलं. भाऊजींचं आभारप्रदर्शन घागरींच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. ते त्यांनी पूर्ण केलं मात्र.

वऱ्हाड

लग्नाच्या सकाळी वेशीबाहेर धुरळा उठला. वऱ्हाडाच्या गाड्या. वाजंत्री धावली, तात्या गंध लावून पुढं झाले, आम्ही घागरी भरून दारात ओळीनं मांडल्या. नळ पूर्ण सोडलेला होता आणि खालच्या चरीतून पाणी चावडीच्या पलीकडं वाहत होतं. इतकं पाणी सांडलेलं पाहून तात्यांची छाती फुगली होती.

त्या गाड्यांच्या मागोमाग, त्याच धुरळ्यात, एक जीप आली. तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. तीतून खादीचे एक स्थूल गृहस्थ आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक इसम उतरले. वाजंत्री त्यांच्या अंगावरून वऱ्हाडाकडं निघून गेली. आबांनी मात्र पाहिलं, आणि त्यांचा रंग उडाला.

"साहेब! आपन!"

साहेबांनी वाहता नळ पाहिला. "हे कुणी उघडलं?"

आबा फेटा सावरू लागले. उत्तर गणूकाकांनी दिलं. "आपणच."

"मी?"

"काल सकाळी. हे काय, बसला आहात."

साहेबांनी खुर्ची पाहिली. हारात बसलेली सुपारी पाहिली. काकांनी त्यांना विधी समजावून सांगितला. कॅमेरावाला म्हणाला, "ते असू द्या. साहेब, नळ बंद करू, फीत परत बांधू, एक फोटो काढू. ही खुर्ची इकडं घ्या."

"खुर्ची हलवता येणार नाही," काका म्हणाले. "घरातलं देवक उठलं की मग विसर्जन. संध्याकाळी."

"मग नळ तरी बंद करा," साहेब म्हणाले.

कोतवाल तोटीकडं निघाला. दारात वऱ्हाड येऊन ठेपलं होतं. मुलाच्या वडिलांनी वहाणा काढल्या होत्या आणि तात्या तांब्या घेऊन वाकले होते. शांता खिडकीत होती. मला तिचा चेहरा दिसत होता.

"साहेब," काका म्हणाले, "आपण उघडलेला नळ आपणच बंद केला, असं लोक म्हणतील."

साहेब थांबले. कोतवालही थांबला. साहेबांनी जरा विचार केला आणि हळू आवाजात विचारलं, "भाषण झालं?"

"झालं की," आबांना आता आवाज सापडला. "इंग्रजीत. लोकं रडली."

"इंग्रजीत?" साहेबांनी रुमालानं मान पुसली. इंग्रजीशी त्यांचं फारसं जमत नसावं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी सगळ्यांत जवळ घागर घेऊन उभी होते, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "कसं झालं?"

अनोळखी माणसाला मी आपण होऊन उत्तर देत नाही. त्या दिवशी दिलं. "फार छान बोललात," मी म्हणाले. "पाण्यावर बोललात."

साहेबांनी मान डोलावली. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हो, पाण्यावर माझा अभ्यास आहे," ते म्हणाले आणि कॅमेरावाल्याला त्यांनी हातानं गप्प बसवलं. बसायला दुसरी खुर्ची नव्हती. उन्हात चप्पल काढून तेही वऱ्हाडाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

तात्यांनी मुलाच्या वडिलांच्या पायांवर तांब्यामागून तांब्या ओतला. पाणी घोट्यापर्यंत आलं, काढलेल्या वहाणांपर्यंत गेलं, त्यांच्या मागच्यांच्या धोतराला लागलं. मुलाचे वडील म्हणाले, "पुरे, पुरे." तात्या ऐकायला तयार नव्हते. मग त्या गृहस्थांचं लक्ष रांगेतल्या साहेबांकडं गेलं.

"हे कोण? आमच्यातले नाहीत."

तात्यांनी मान वर न करता दुसरा तांब्या भरून घेतला.

"हे होय? आमच्या सुपारीबरोबर आलेत," ते म्हणाले. "दुसरा पाय पुढं करा."